मसाल्याच्या डब्यातली बाग

परवा एका ओळखीच्या घरी ‘किचन गार्डन किट’ आलं. खोका एकदम देखणा. आत सहा कागदी कुंड्या, कोकोपीटच्या सहा वड्या, नावं छापलेल्या छोट्या लाकडी पट्ट्या आणि बियांची पाच पाकिटं. किंमत आठशे नव्याण्णव. त्यातल्या एका पाकिटावर लिहिलं होतं ‘कोरियंडर’. उघडून बिया मोजल्या, पस्तीस निघाल्या. त्याच स्वयंपाकघरात, हाताच्या अंतरावर, धन्याची बरणी होती. अर्ध्या किलोची.

म्हणजे ‘कोरियंडर’ घरातच होतं, आठशे नव्याण्णव रुपये फक्त ते इंग्रजीत वाचायचे.

हसू नका, आपलंही तेच होतं. झाडं लावायची म्हटलं की आपण आधी मोबाइल उघडतो. रील बघतो. त्यात पांढऱ्या भिंतीची बाल्कनी, एकसारख्या मातीच्या कुंड्या, पितळेची झारी आणि मागे गिटार. मग आपली बाल्कनी बघतो. तिथे वॉशिंग मशिनचा पाइप, वाळत घातलेले टॉवेल, सायकल आणि एक जुना कूलर. मग वाटतं, जाऊ दे, स्वतःचं घर झालं की बघू. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारे, हॉस्टेलवाले, चाळीतले, सगळे याच एका वाक्यावर थांबलेत. स्वतःचं घर झालं की!

आजचा विषय त्या वाक्याच्या विरोधात आहे. आणि त्यात तुमच्या घरातलं एखादं लहान पोर हवं. धाकटी बहीण, पुतण्या, भाची, शेजारचा चिल्लर पार्टीतला कोणीही. कारण बी पेरून रोज सकाळी उठून ‘आलं का?’ बघायला जाण्याची चिकाटी आपल्यात उरलेली नाही, त्यांच्यात अजून आहे.

तसं बी रुजवण्याचा प्रयोग आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी दरवर्षी होतोच. घटस्थापनेला परडीत किंवा पत्रावळीवर काळी माती पसरायची, त्यात धान्यं टाकायची, मधे घट ठेवायचा. नऊ दिवस आजी किंवा आई त्यावर पाणी शिंपडते. दसऱ्यापर्यंत वीतभर तुरे वर आलेले असतात आणि गावाकडे ते टोपीत खोवून माणसं सोनं लुटायला निघतात. तुम्ही नीट आठवून बघा, ते तुरे हिरवे नसतात, पिवळसर असतात. का? देवघरात अंधार असतो. उजेड नाही तर हरितद्रव्य नाही, आणि झाड उजेड शोधत नुसतं उंच पळत सुटतं. हे विज्ञान आपल्या देवघरात दरवर्षी घडतं आणि आपण ते पुस्तकात पाठ करतो. लहान मुलाला हे दाखवायचं असेल तर दोन वाट्या घ्या, दोन्हीत गहू पेरा, एक खिडकीत ठेवा, एक कपाटात. आठ दिवसांनी त्यालाच कपाट उघडू द्या. त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आता डब्याकडे वळू.

सुरुवात मेथीपासून करा. एकतर ती घरात असतेच, नसली तर वाण्याकडे दहा-पंधरा रुपयांत मूठभर मिळते. दुसरं म्हणजे ती लवकर उगवते. रात्री भिजत घाला, सकाळी पसरून पेरा, वर मातीचा पातळ थर द्या, दोन-तीन दिवसांत माती उचललेली दिसते. लहान मुलांचा धीर दोन-तीन दिवसांचाच असतो, त्यामुळे पहिलं पीक हेच हवं. मुंबईकरांना ‘समुद्रमेथी’ माहीत असेल. बोटाएवढ्या उंचीची, पांढऱ्या देठाची, छोट्या जुड्या बांधून विकायला येते. किनाऱ्यालगतच्या वाळूत वाढवलेली ही कोवळी मेथी. आता हॉटेलांत ‘मायक्रोग्रीन्स’ म्हणून ताटात चिमूटभर ठेवतात ना, तेच. आपल्याकडे ते कधीपासून जुडीने विकलं जातंय. तर तुमची मेथी बोटभर झाली की थोडी कापून आमटीत टाका, उरलेली महिनाभर वाढू द्या, भाजी होईल.

धने जरा हट्टी. आठ दिवस तर काही दिसतच नाही, कधी पंधराही लागतात. धन्याचा एक दाणा म्हणजे एक बी नव्हे. दोन बिया एका टरफलात बसलेल्या असतात. म्हणून पेरण्याआधी चपलेखाली किंवा लाटण्याने हलकेच रगडायचे, दोन फाका झाल्या पाहिजेत, चुरा नको. हे काम पोरांकडे द्या. आणि धने भाजलेले नाहीत ना, ते आईला विचारून घ्या. आमच्याकडे पहिल्या खेपेला मसाल्यासाठी भाजून ठेवलेले धने मोठ्या प्रेमाने पेरले गेले होते. आम्ही बावीस दिवस वाट पाहिली.

चवळी, मूग, मटकी, वाल ही तर मुलांचीच पिकं. दाणा मोठा, हातात धरता येतो, पेरल्यावर कुठे पेरला ते आठवतं. चवळी चार-पाच दिवसांत वर येते, वर येताना वाकून येते आणि मग मान सरळ करते. दीड-दोन महिन्यांत शेंगा. इथे एक प्रश्न हमखास येतो, आमच्याकडे आला : “काका, मग मुगाची डाळ का नाही उगवत?” उत्तर सांगू नका. दोन वाट्यांत दोन्ही पेरायला लावा. डाळ भरडताना दाणा फुटतो, साल निघते, कोंब दुखावतो, म्हणून ती कुजते. तांदळाचंही तसंच. साळ उगवते, तांदूळ उगवत नाही, कारण गिरणीत कोंड्यासोबत त्याचा कोंबच निघून जातो. पुतण्याला हे कळल्यावर त्याने जेवताना ताटाकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “म्हणजे आपण सगळं मेलेलं खातो?” यावर मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा.

पावसाळा तोंडावर आहे. मृगाचा पाऊस पडला की वेलवर्गीय भाज्या लावायची वेळ. कारली, दोडका, काकडी, भोपळा. ग्रिल असेल तर वेल ग्रिलवर चढतो, नसेल तर सुतळी बांधा. बियांसाठी बाजारात जून झालेलं फळ शोधा. कोवळ्या दोडक्यातली बी कोवळीच असते, ती रुजत नाही. फळ वेलीवरच पिकलं, सुकलं पाहिजे. गावाकडे कोणाच्या कुडावर एखादा दोडका वाळून खडखडतोय का ते विचारा, फुकट मिळेल. भेंडी आणि गवारही आता लागते. आणि झेंडू! मागच्या दसऱ्याचं तोरण कोणी काढून माळ्यावर टाकलं असेल तर ते शोधा. वाळलेलं फूल चुरगाळलं की बारीक, अर्धी काळी अर्धी पांढरट काडीसारखी बी निघते. सगळी उगवणार नाही. बाजारातली फुलं बी पक्व व्हायच्या आधीच तोडलेली असतात. पण पन्नासातली पाच उगवली तरी या दसऱ्याला दाराला स्वतःच्या घरची फुलं लागतील. तोरणातून तोरण. यात खर्च किती? शून्य.

कुंड्यांवर तर एक पैसा घालू नका. दुधाच्या पिशव्या धुऊन, तळाशी कोपरे छाटले की रोपांसाठी पहिलं घर तयार. करवंटी, आइस्क्रीमचे कप, फुटकी बादली, रंगाचा डबा, पंधरा किलोचा तेलाचा डबा, मासळीवाल्याकडचा थर्माकोलचा खोका, सगळं चालतं. एकच अट, खाली भोकं हवीत. खिळा तापवून भोक पाडायचं काम मोठ्यांनी करा. भोकांवर नारळाच्या शेंड्या किंवा खापराचे तुकडे ठेवा म्हणजे माती वाहून जात नाही. मेथी-कोथिंबिरीला चार बोटं खोल माती पुरते, टोमॅटो-मिरचीला बादली हवी, वेलाला तेलाचा डबा. माती नसेल तर गावाहून येताना एक पिशवी आणा, पोरांच्या हाताने त्यात पालापाचोळा आणि जुनं शेणखत मिसळा. चहाचा चोथा टाकायचा असेल तर आधी धुऊन घ्या, नाहीतर साखरेला मुंग्या आणि दुधाला वास. अंड्याची टरफलं टाकली की चार दिवसांत टोमॅटो लगडतात असं सांगणारे रील्स आहेत, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. टरफलं विरघळायला फार वेळ लागतो. टाकायची तर टाका, चमत्काराची वाट बघू नका.

बी किती खोल पेरायचं? बीच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. चवळी बोटाच्या पहिल्या पेराइतकी, मेथी जेमतेम झाकेल इतकी, तुळस-राजगिरा तर नुसते वर भुरभुरायचे. मुलं नेमकी उलट करतात, राजगिरा खड्डा खणून पुरतात आणि चवळी वर ठेवतात. करू द्या एकदा.

घरातलं बी जुनं आहे का, जिवंत आहे का, हे तपासायचीही सोपी पद्धत आहे. दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, फडकं सुकू देऊ नका, चार-पाच दिवसांनी मोजा. सात-आठ मोडले तर उत्तम, तीनच मोडले तर दाट पेरा, एकही नाही तर ते मसाल्यालाच ठेवा. शेतकऱ्याच्या घरातल्या पोरांना यात नवीन काही नाही. घरचं सोयाबीन पेरायचं असेल तर दरवर्षी पेरणीआधी गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण तपासतात, सत्तर उगवले तर बियाणं चांगलं धरतात. तुमच्या बाबांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात ओट्यावर मांडलेला तो ओला गोणपाट आणि तुमच्या भाचीची वाटी, हिशेब एकच आहे. फक्त बाबांच्या गोणपाटावर वर्षाचं घर चालतं.

दोन गोष्टी मात्र गंमतीवर नेऊ नका. बियाणांच्या दुकानातून आणलेलं बी गुलाबी, निळं, हिरवं दिसलं तर त्याला औषध चोळलेलं असतं. ते मुलांच्या हातात देऊ नका, तोंडात तर अजिबात नाही. आणि पावसाळ्यात कुंड्यांखालच्या थाळ्यांत पाणी साचू देऊ नका. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. आठवड्यातून एकदा थाळ्या पालथ्या करायच्या, कोरड्या घासायच्या. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या साड्यांवर चिखलाचं पाणी गळलं तर काय होतं हे मी सांगायची गरज नाही.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, म्हणजे आता भाजीचं बिल निम्मं होणार! नाही होणार. बाग लावा आणि पैसे वाचवा असं सांगणाऱ्यांनी कधी एका जुडीला किती मेथी लागते ते मोजलेलं नसतं. दोन थर्माकोलच्या खोक्यांत चार माणसांची एका वेळची भाजी होते, तीही महिन्यातून एकदा. खरी बचत होते ती बारीकसारीक गोष्टींत : कढीपत्ता, पुदिना, चार मिरच्या, भर पावसात कोथिंबिरीची जुडी भाव खाते तेव्हा वरून भुरभुरण्यापुरती हिरवी पानं. पुदिना तर पेरायचाही नाही, जुडीतल्या चांगल्या काड्या पाण्यात ठेवायच्या, मुळं फुटली की मातीत खोचायच्या. पैशांची गोष्ट इतकीच. जास्त पैसे वाचतात ते न घेतलेल्या किटचे.

मग एवढा खटाटोप कशासाठी? त्याचं उत्तर म्हणून मला माझीच एक लबाडी सांगावी लागेल.

गेल्या वर्षी जूनमध्ये पुतण्याने, तेव्हा तो तिसरीत होता, टोमॅटो पेरले. पिकून मऊ झालेला एक टोमॅटो कापला, बिया वाटीत काढल्या, दोन दिवस तशाच ठेवल्या. टोमॅटोच्या बीभोवती बुळबुळीत आवरण असतं, ते बीला उगवू देत नाही. दोन-तीन दिवसांत ते आंबून सुटतं. वास मारतो, वहिनी वैतागते, पण बी स्वच्छ होतं. मग ते धुऊन ताटलीत वाळवलं आणि सात दुधाच्या पिशव्यांत पेरलं. प्रत्येक पिशवीवर स्केचपेनने नंबर घातला. एक ते सात. सगळ्या उगवल्या. त्यानंतर पाऊस लागून राहिला आणि रोपं एकेक करून कोलमडायला लागली. मातीलगत देठ काळा पडायचा, बारीक व्हायचा, रोप सकाळी आडवं. पाणी जास्त, वारा कमी, की मातीतली बुरशी रोपाला गाठते. सहा गेली. सात नंबर टिकलं. पाच पानांचं झालं.

ऑगस्टमध्ये तो आईबरोबर दोन दिवस आजोळी गेला. जाताना मला तीनदा बजावलं, “काका, सात नंबरला जास्त पाणी नको.” मी जास्त पाणी घातलं नाही. मी ते पावसात विसरलो. रविवारी सकाळी बघतो तर सात नंबर आडवं.

मी काय केलं? जे कोणताही समजूतदार काका करेल तेच. नर्सरीत गेलो, त्याच उंचीचं, पाचच पानांचं टोमॅटोचं रोप दहा रुपयांना आणलं, त्याच पिशवीत लावलं, माती सारखी केली. वर थोडी जुनी माती भुरभुरवली, म्हणजे काम पक्कं. मला माझा अभिमानही वाटला.

तो संध्याकाळी आला. चपलाही न काढता बाल्कनीत गेला. अर्धा मिनिट बघत राहिला. मग म्हणाला, “हे सात नंबर नाहीये.”

मी म्हटलं, “अरे, तेच आहे. वाढलंय जरा.”

“नाहीये. सात नंबरच्या पहिल्या पानावर बीची टोपी अडकली होती. मी काढायला गेलो तेव्हा पान फाटलं होतं. याचं पान फाटलेलं नाही.”

माझ्याकडे बोलायला काही राहिलं नाही. तो रडला नाही. रडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने एवढंच विचारलं, “खरं कुठे टाकलंस?” मी कचऱ्याचा डबा दाखवला. त्याने त्यातून ते सुकलेलं रोप काढलं, बाजूच्या कुंडीत पुरलं, आणि पुढचे तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. नर्सरीतल्या रोपाला त्याने एकदाही पाणी घातलं नाही. ते वहिनीने वाढवलं, त्याला टोमॅटोही आले, त्याने खाल्लेसुद्धा. पण ते झाड त्याचं नव्हतं.

मी यावर खूप विचार केला. सहा रोपं त्याच्या डोळ्यांसमोर मेली, तेव्हा त्याला वाईट वाटलं होतं पण तो पुढे गेला होता. म्हणजे मरण त्याला झेपत होतं. झेपत नव्हतं ते मला. मी रोप बदललं ते त्याच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. त्याचा पडलेला चेहरा मला बघायचा नव्हता आणि आपली चूकही कबूल करायची नव्हती.

आणि मग आपल्याच पिढीकडे बघा. शाळेत आपले प्रकल्प कोणी केले? कागदी लगद्याचा ज्वालामुखी आईने रात्री दोनपर्यंत जागून बनवला, आपण शाळेत तो उचलून नेला. चित्रकलेच्या वहीत बाबांनी सूर्य काढला. कमी मार्क पडले तर पाहुण्यांसमोर ते जास्त सांगितले गेले. किती जणांच्या कुंड्या घरच्यांनी गुपचूप बदलल्या असतील! प्रेमापोटीच. पण मग विशी ओलांडल्यावर पहिला इंटरव्ह्यू फसतो, परीक्षेची यादी लागते आणि त्यात आपलं नाव नसतं, तेव्हा आपण असे गोंधळतो जणू हे जगात पहिल्यांदाच कोणाच्या बाबतीत घडतंय. आपल्या सात नंबरचं रोप कधी आडवं पडलेलं आपण पाहिलेलंच नसतं ना.

टोमॅटोचं एक रोप गेलं म्हणून पोरं कणखर होतात असा दावा मी करणार नाही. अशी सोपी गणितं रील्समध्ये शोभतात. मी एवढंच म्हणतो की दुधाच्या पिशवीतलं रोप हे हरण्यासाठी फार स्वस्त ठिकाण आहे. तिथे त्याला हरू द्या आणि तुमच्या हातून मेलं असेल तर तसं सांगा. ‘मी विसरलो, माझी चूक’ हे वाक्य घरातल्या मोठ्या माणसाच्या तोंडून किती मुलांनी ऐकलेलं असतं?

जाता जाता आणखी एक कबुली घेऊन टाकू, कारण ती बहुतेक घरांत लागू पडते. आपण उत्साहात दहा डबे लावतो, फोटो टाकतो, आणि पंधरा दिवसांनी क्लास, जॉब, मॅच सुरू झाली की पाणी कोण घालतं? आई. आधीच तिच्या कामांची यादी लांब, त्यात आता तुमची बाग. त्यामुळे दहा नको, दोनच डबे लावा. तुमच्या हाताने जेवढं निभेल तेवढंच.

बी राखून ठेवायची गोष्ट राहिली, आणि मला विचाराल तर सगळ्यात भारी भाग हाच आहे. कारण बी विकत घेतलं तर आपण ग्राहक, आणि बी राखलं तर आपण शेतकरी, मग भले शेत म्हणजे एक तेलाचा डबा का असेना. यात थोडं समजून घ्यायला लागतं. बाजारातल्या पुष्कळ भाज्या संकरित वाणाच्या असतात. त्यांचं बी उगवतं, पण झाड आईबापांसारखंच निघेल याची खात्री नाही. फळ लहान, आंबट, कसंही येऊ शकतं. गावठी वाणाचं बी मात्र पिढ्यान् पिढ्या तसंच राहतं. त्यातही चवळी, वाल, मेथी, टोमॅटो यांच्या फुलात परागीकरण बहुतेक आतल्या आतच होतं, म्हणून सुरुवात यांच्यापासून करा. काकडी-भोपळ्याच्या फुलांवर मधमाश्या कुठून कुठून काय घेऊन येतात, सांगता येत नाही. आणि घरचा असो वा बाजारचा, दुधी किंवा काकडी कडूजहर लागली तर टाकून द्या. ‘कडू ते गुणकारी’ इथे चालत नाही, त्याने माणसं गंभीर आजारी पडतात.

अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचं गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी घरोघरचं गावठी बी गोळा केलं, पेरलं, वाढवलं, पुन्हा राखलं आणि दुसऱ्यांना दिलं. त्यांच्या वालाच्याच बिया बघा, पांढऱ्या, काळ्या, तपकिरी, ठिपक्यांच्या. २०१८ मध्ये बीबीसीच्या जगातल्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आज सगळे त्यांना बीजमाता म्हणतात. पण जरा मागे जाऊन विचार करा. हेच काम आपल्या आज्या-पणज्या राखेत घोळवून, मडक्यात भरून, कडुनिंबाचा पाला घालून करतच होत्या. आपल्या घरातला तो धागा कुठे तुटला? तुमची आजी असेल तर आज विचारा, तिच्या माहेरी कोणता वाल व्हायचा. ती सांगेल. नाव सांगेल, रंग सांगेल, आमटी कशी लागायची तेही सांगेल. आणि मग थांबेल, कारण तो आता कुठे मिळतो हे तिलाही माहीत नसेल.

आपल्या देशात शेतकऱ्याला शेतातलं बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, विकण्याचाही हक्क कायद्याने दिलेला आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१. अट एवढीच की संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकायचं नाही. कायद्याचा अभ्यास करणाऱ्या दोस्तांनी कलम ३९ काढून वाचावं. हक्क कागदावर आहे, पण बी मात्र कोणीतरी खरंच राखलं तरच असणार.

आमच्याकडे ते आहेराच्या पाकिटात राखलं जातं. लग्नातली रिकामी पाकिटं वहिनी फेकत नाही, त्यातली चार पुतण्याने घेतली. नर्सरीच्या रोपावर रुसून बसला होता तेव्हाच त्याने एका डब्यात चवळी लावली होती, वाण्याकडची, साधी. तिला दिवाळीआधी शेंगा आल्या. दोन शेंगा त्याने कोणाला तोडू दिल्या नाहीत, वेलावरच वाळू दिल्या, मग सोलल्या. तेवीस दाणे. पाकिटावर आधीच सोनेरी अक्षरांत ‘शुभ विवाह’ छापलेलं आहे, त्याखाली त्याने पेनने लिहिलंय : चवळी. माझी. काकाला पाणी घालू देऊ नये.

पाकीट सध्या मिसळणाच्या डब्याखाली आहे. येत्या रविवारी उघडायचं ठरलंय.